एक्केचाळीस पांढरे कागद

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

शाळेच्या कपाटात गेल्या वर्षीची एक डायरी कोरी पडली होती, ती मी घेतली. छापलेल्या तारखा आणि वार जुळत नाहीत, म्हणून ते खोडून वर माझे लिहिते आहे.

एकोणीस वर्षं मी या शाळेत घंटा दिली, पाणी भरलं, साहेब आले की चहा केला. या महिन्याच्या एक तारखेपासून क्लार्क आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी टायपिंगची परीक्षा दिली तेव्हा जे हसले, तेच आता "सत्यशीलाबाई, बोनाफाईड कधी देता?" म्हणत दारात उभे राहतात. बरं वाटतं. स्वतःच्या वहीत कशाला खोटं लिहू?

भाऊबीज झाली, गाड्या भरायला लागल्या. आमच्या शिरूर कासार तालुक्यातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागे राहणाऱ्या पोरांसाठी शाळेतच सहा महिन्यांचं वसतिगृह चालतं, पण त्याला दर वर्षी नव्यानं मंजुरी लागते. यंदा वरून नवीनच निघालंय. प्रत्येक मुलाचा पालकासोबत फोटो पाहिजे, आणि त्यात पालकाची सही असलेलं संमतीपत्र दिसलं पाहिजे. सात नोव्हेंबरच्या आत सगळं ऑनलाइन चढवायचं. मुख्याध्यापक विजयसिंह सर म्हणाले, "बाई, हे तुमचं पहिलं मोठं काम. बघू." त्या 'बघू'त काय होतं ते मला पुरतं कळलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

एक्केचाळीस फोटो झाले! चार दिवस मी गाड्यांमागे पळते आहे. एक बाप तर ट्रकवर चढून बसला होता, खाली यायला तयार नाही. शेवटी त्याच्या पोराला वर चढवलं आणि खालून फोटो काढला. अंगठे, सह्या, सगळं नीट दिसतंय. चाळीस घरांना कुलूप लागलं. पोरं कुणाच्या आजीकडे, कुणाच्या चुलत्याकडे. वसतिगृह सुरू व्हायची वाट बघतायत.

एकच घर राहिलंय, छबुबाईचं. तिचा नवरा बद्रीनाथ फडाजवळ राहायला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालायला पुढे गेला. ही आठ तारखेच्या गाडीनं जाणार. मुलगी तेजश्री सातवीत आहे आणि धाकटा दीड वर्षाचा.

छबुबाई म्हणाली, "मंजूर झालं तर ठिवते बाई. बारक्याला मी उसाच्या बांधावर झोपवीन, काय करायचं. पर न्हाई झालं तर नेते. एवढी मोठी पोर मी कुनाच्या दारात ठिवू?"

फोटोत तेजश्रीनं कागद इतका वर धरला की तिचं तोंडच दिसेना. दोनदा काढावा लागला. मला त्या पोरीचं विशेष काही नाही. हुशार आहे, इतकंच. काम माझं आहे आणि ते पूर्ण झालं पाहिजे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवस कारणी लागला. फोनमधले सगळे फोटो वायर लावून कॉम्प्युटरवर घेतले. फोन भरून गेला होता, सारखा बंद पडायचा, म्हणून तिकडचे पुसून टाकले. कचऱ्याच्या डब्यातलेही पुसले. आता फोन कसा हलका चालतो.

मग नावं. सरांनी चिठ्ठी दिली होती, 'मोबाईलने दिलेली इंग्रजी नावे चालणार नाहीत. मुलाचे पूर्ण नाव मराठीत द्यावे.' मी नुसतं नाव नाही दिलं. शाळेचं रेकॉर्ड आहे, मुलांना 'चि.' आणि मुलींना 'कु.' लावलं. प्रत्येक नावाच्या मागे टिंब देऊन तीन इंग्रजी अक्षरं लोंबत होती, तीही एकेक करून पुसली. अर्धवट काम मला आवडत नाही.

कॉम्प्युटर मात्र भलता चौकस. प्रत्येक नावानंतर एक चौकट यायची, त्यात पिवळं चिन्ह आणि इंग्रजीत लांबलचक काहीतरी. खाली 'येस' आणि 'नो'. एक्केचाळीस वेळा विचारलं, एक्केचाळीस वेळा मी 'येस' केलं. माणसानं इतक्यांदा विचारलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

माझा हात लागून आजवर या शाळेतली एक वस्तू बिघडलेली नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

काल माझी नजर नुसती नावांवर होती. सकाळी कॉम्प्युटर उघडला तर फोटोंच्या जागी नुसते पांढरे कागद. नावं आहेत, पण चित्र एकाचंही नाही. एकेक उघडून पाहिलं. 'ही फाईल कशात उघडायची?' असं विचारतो आणि प्रोग्रामची यादी पुढे टाकतो. मला काय माहीत कशात? काल तर आपोआप उघडत होते. तसेच चढवून पाहिले, साईट घेत नाही.

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली तेव्हा कुणीतरी मूठभर हळदकुंकू वाहिलं होतं. ते आत गेलं असेल म्हणून कॉम्प्युटरचा डबा फडक्यानं पुसला. काही फरक नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "सरका, मी बघतो." सर पाहायला बसले की आपण नुसतं मागे उभं राहायचं असतं. माझे पांढरे कागद उघडेनात, म्हणून त्यांनी तपासायला पंधरा ऑगस्टचे जुने फोटो काढले. ते चांगले दिसत होते. त्यातल्या एकावर सरांनी काहीतरी यादी काढली, ज्यात आपण पत्रं टाइप करतो ते वर्ड निवडलं, खाली 'नेहमी यातच उघडा' अशी खूण केली आणि एंटर मारलं.

झालं! झेंडावंदनाच्या फोटोतून पानंच्या पानं चिन्हं बाहेर पडली. चौकोन, प्रश्नचिन्हं, कसलीतरी अक्षरं. शाळेतल्या एकूण एक फोटोवर आता वर्डचं निळं चित्र आलंय. एकही उघडत नाही.

"व्हायरस," सर म्हणाले आणि चहाला गेले.

मला संशय वेगळाच आहे. माझ्या आधीचे क्लार्क अभिमन्यूभाऊ बदलून गेले तेव्हा माझ्याशी धड बोललेही नाहीत. शिपाईबाई आपल्या खुर्चीत बसणार हे त्यांना सोसलं नाही. जाताना त्यांनीच काहीतरी करून ठेवलं असणार.

३ नोव्हेंबर, सोमवार

सरांनी वडवणीच्या पप्पू मेकॅनिकला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. पप्पूनं अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागंल सर. गुरुवारी येतो."

मी विचारलं, "मग फोटोंचं काय?"

"समदं जातंय मावशी. मशीन नवी कोरी हुती."

सर मला म्हणाले, "गेले तर गेले. आईबाप गेलेत, आता पुन्हा कुठून आणायचे? व्हायरस आला असा अहवाल पाठवू. पुढच्या वर्षी बघू."

मी म्हणाले, "सर, पोरं या वर्षीची आहेत." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी सरांना उलटून बोलले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि अहवाल टाइप करायला सांगितला. मी टाइप केला. नोकरी आहे. पण दर ओळीला बोटं अडत होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कालपासून फोनवर हिंदी व्हिडिओ पाहते आहे. जगात किती लोकांची चित्रं गायब होतात! एक जण सांगतो, कॉम्प्युटर चित्रांचा साठा करून ठेवतो, तो खराब झाला की सगळं पांढरं दिसतं, साठा पुसा. दुसरा म्हणतो, प्रत्येक प्रकारची फाईल कशात उघडायची ते सेटिंगमध्ये ठरवा. मी वहीत लिहून घेऊन दोन्ही करायला बसले. साठा सापडला नाही. सेटिंगमध्ये प्रकारांची यादी निघाली, पण माझी फाईल कोणत्या प्रकारची तेच कळेना. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. शाळेच्या बाकी फाईलींवर काही ना काही चित्र आहे, पांढरी फक्त माझी एक्केचाळीस पोरं. अभिमन्यूभाऊंनी नेमक्या याच कशा हेरल्या, कोण जाणे.

दुपारी छबुबाई आली. दारातच उभी. "बाई, झालं का?"

"होईल," मी म्हणाले.

"शनवारी गाडी हाय."

तिचा एकटीचा फोटो पुन्हा काढता आला असता, पण एका पोरीसाठी वसतिगृह मंजूर होत नाही. ती गेली आणि मला जेवण गेलं नाही. मला त्या पोरीचं विशेष काही नाही असं मी गेल्या मंगळवारी लिहिलं, ते खरं नाही. मी सहावीत असताना दिवाळीनंतर गाडीत बसले. भाऊ कडेवर होता. त्याला उसाच्या फडात सांभाळताना सातवी गेली, आठवी गेली. दहावीला बसले तेव्हा मी तीस वर्षांची होते, माझ्या शेजारच्या बाकावर गावातली सोळा वर्षांची पोरगी होती. त्या बाकाची लाज मला अजून वाटते. म्हणून गुरुवारी पप्पू यायच्या आत मी काहीतरी करणार. उद्या पौर्णिमेची सुट्टी आहे आणि शाळेच्या किल्ल्या अजून माझ्याचकडे असतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सातला शाळा उघडली. जावक रजिस्टरला नोंद केली, 'संगणक क्र. १ दुरुस्तीसाठी बीडला नेला,' आणि खाली सही. चोरी करायची नव्हती. कॉम्प्युटरचा डबा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि बीडची एसटी धरली.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, खोकं वर टाका."

"वर न्हाई टाकायचं. एक्केचाळीस पोरं हायेत यात."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं ड्रायव्हरच्या मागची सीट मोकळी करून दिली.

बीडला बसस्टँडजवळ अण्णाराव स्वामींचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. कपाळभर भस्म लावलेले अण्णाराव म्हणाले, "ठिवून जावा, चार दिवसानं या."

"चार दिवस नाहीत माझ्याकडं. मी इथंच बसते."

त्यांची मुलगी अपेक्षा आतल्या टेबलावर काम करत होती. तिनं डबा जोडला, फाईली उघडल्या आणि दोनच मिनिटांत माझ्याकडे वळली.

"मावशी, ही नावं कुनी दिली?"

"मी. एखादं चुकलं का?"

"नावं बराबर हायेत. मागचं जेपीजी कुठं गेलं?"

"ते इंग्रजी होय? पुसलं. मराठीत द्या म्हणाले होते."

तिनं तोंडावर हात ठेवला. मग माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि नीट सांगितलं. "ते नाव न्हवतं मावशी. फाईल कशाची हाय ते सांगणारी खूण हुती. शेवटच्या टिंबामागं जे असतंय त्यावरून कॉम्प्युटर वळखतो का हा फोटो हाय, का पत्र हाय, का गाणं हाय. तुमी खूण पुसली. वरून 'कु.' लिवलं, त्यात टिंब आलं. आता त्याला वाटतंय का 'तेजश्री बद्रीनाथ' हाच फाईलीचा येक प्रकार हाय. असले एक्केचाळीस प्रकार झालेत. ते कशात उघडायचे त्याला कसं कळणार? त्यानं तुमाला इच्यारलं असंल की, नाव बदलू का म्हणून."

"विचारलं होतं," मी म्हणाले.

व्हायरस असता तर बरं झालं असतं. हळदकुंकू असतं तरी चाललं असतं. चार दिवस मी अभिमन्यूभाऊंना मनात शिव्या देत होते आणि केलं होतं माझ्या हातानं, एकेक करून, मन लावून.

"आतले फोटो गेले का गं?"

"आत कुनी हात लावला न्हाई." तिनं तेजश्रीच्या नावामागे टिंब देऊन जेपीजी लिहिलं. पांढरा कागद गेला आणि त्या जागी वर्डचं निळं चित्र आलं. उघडलं तर तीच चौकोनांची आणि प्रश्नचिन्हांची पानं.

"हे कुनी केलं?"

"हे सरांनी," मी म्हणाले. खरं लिहायचं तर तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

अपेक्षानं फाईलीवर उजवं बटण दाबलं, 'ओपन विथ' काढलं, फोटो दाखवणारा प्रोग्राम निवडला आणि 'नेहमी'ची खूण केली. एका फाईलीला केलं की सगळ्या जेपीजींना लागू होतं म्हणे. निळं चित्र तरीही जाईना. "जुना साठा दाखवतोय," ती म्हणाली. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलेला चित्रांचा साठा एका लपवलेल्या फोल्डरमध्ये होता. तो तिनं पुसला आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

पडद्यावर तेजश्री आली. कागद धरलेली, नाकाच्या खाली, मी सांगितलं होतं तसा. मागे छबुबाई, तिच्या कडेवर बारका. मला रडू आलं आणि ते अण्णारावांनी पाहिलं. पाहू दे.

अपेक्षा म्हणाली, "बाकीचे मी येका झटक्यात करून देते. कॉम्प्युटरला येक ओळ लिवून दिली की चाळीसच्या चाळीस हुतेत."

"नको. मला खुर्ची दे."

कर्सर नावाच्या शेवटी न्यायचा, टिंब, जेपीजी, एंटर. चाळीस वेळा. प्रत्येक फोटो उघडून, चेहरा पाहून मगच पुढचा. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, अण्णारावांनी त्याला थांबवलं. शेवटी अपेक्षानं सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर दिली आणि दम भरला, "मावशी, आता कॉम्प्युटरनं काय इच्यारलं तर वाचायचं. न्हाई कळलं तर मला फोन."

६ नोव्हेंबर, गुरुवार

मी डबा घेऊन पोचले तेव्हा पप्पू येऊन बसला होता आणि सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. "कुणाला विचारून नेला?" सर इतक्या मोठ्यानं ओरडले की पाचवीचा वर्ग बाहेर आला. मी डबा जोडला आणि फोटो लावले. सर एकेक पाहत गेले. पप्पूला त्यांनी चहा पाजून पाठवला.

सर म्हणाले, "चला, व्हायरस गेला."

"व्हायरस नव्हता सर. नावं बदलताना मी खूण पुसली होती." वर्डची खूण त्यांनी केली, तेही सांगितलं. तेवढं मी हळू आवाजात सांगितलं.

"राहू द्या. कोण विचारतंय? अहवाल टाइप झालाय, व्हायरसच राहू द्या."

मी तो अहवाल फाडला. नवा टाइप केला, 'फोटोंना नावे देताना लिपिकाकडून चूक झाली, ती दुरुस्त केली आहे.' सरांनी सही करायला एक तास लावला. मी अजून या जागेवर कायम व्हायची आहे, याची त्यांनी दोनदा आठवण करून दिली. मला ते माहीत आहे. मी शिपाई असताना कप फुटला तरी सांगत होते, क्लार्क झाले म्हणून लपवू?

संध्याकाळी पाचच्या आत एक्केचाळीस फोटो चढले. अभिमन्यूभाऊंना फोन केला आणि खुशाली विचारली. ते गोंधळले. कारण काही मी सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वरच्या ऑफिसात फोन केला. फोटो मिळाले, सगळे दिसतात. मंजुरी कधी? "पंधरा-वीस दिवस धरा." गाडी उद्या आहे.

सरांना विचारलं, छबुबाईला काय सांगू? ते म्हणाले, "झालंच समजा, म्हणा." सोपं आहे. मीही तेच ठरवून ठेवलंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

ट्रक मारुतीच्या पारापाशी उभा होता. सरपण, भांडी, कोंबड्यांचा खुराडा, वर माणसं. मुकादम सुग्रीव घाई करत होता. तेजश्रीचं गाठोडं वर गेलं होतं आणि तिचा एक पाय ट्रकच्या चाकावर होता.

छबुबाईनं मला पाहिलं. "झालं का बाई मंजूर?"

झालंच समजा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि निघालं ते वेगळंच. "न्हाई झालं. कागद काल-परवा पोचले. मंजुरीला वीस दिवस लागतील. आधीच गेले असते, पण माझ्या चुकीनं आठ दिवस वाया गेले." सगळ्या गाडीनं ऐकलं.

सुग्रीव म्हणाला, "घ्या पोरीला वर. उशीर व्हायलाय."

छबुबाई हलली नाही. "चूक कुनाची मनलात?"

"माझी."

"अन् नीट कुनी केलं?"

"एका पोरीनं दाखवलं, मी केलं."

"लई जणांनी 'हुईल, हुईल' मनून मला गाडीत बसवलंय बाई. न्हाई झालं असं त्वांडावर सांगणाऱ्या तुमीच." तिनं बारक्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "वीस दिस ही कुठं ऱ्हाईल?"

"माझ्याकडं."

"अन् मंजुरी आलीच न्हाई तर?"

याचा विचार मी केला नव्हता. करायला वेळही नव्हता. "तरी माझ्याकडं. तुमी परत यीस्तोर."

छबुबाई वर बघून ओरडली, "ते लाल गाठोडं खाली टाका." आणि मला म्हणाली, "तिला वांगं चालत न्हाई. अन् अंधारात झोपत न्हाई."

गाडी हलली तेव्हा बारक्यानं तेजश्रीकडे दोन्ही हात केले आणि असा टाहो फोडला की वळणापलीकडे गाडी गेली तरी ऐकू येत होता. तेजश्री रडली नाही. तिनं हातही हलवला नाही.

घरी आल्यावर मी भाकरी टाकायला बसले. ती उंबऱ्यात बसून होती. तिथूनच तिनं विचारलं, "बाई, बारक्याला आता कोन धरील?"

"आई धरील की."

"आईच्या हातात कोयता असतोय."

मी तवा उतरवला आणि तिला जवळ घेतलं.